वाटाण्याएवढं मलम

पार्लरताईच्या हाताला गुण आहे, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. मी म्हणत नव्हते. मी औषधांचं दुकान चालवते. गुण हाताला असतो असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की माझ्या ट्यूबा आणि गोळ्या विचारतो कोण? पण खोटं कशाला बोलू, तिचा हात होताच तसा. भुवई कोरताना दोरा कधी लागला आणि कधी निघाला ते कळायचं नाही. दुखऱ्या डोक्याची बाई तिच्या खुर्चीत बसायची आणि उठेपर्यंत अर्धी झोपेत असायची. मी तिला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही, कारण मग ती दिवसभर मला "काय गं मेडिकलवाले, कबूल केलंस ना?" म्हणून पिडत राहिली असती.

तिचं पार्लर माझ्या काउंटरच्या अगदी समोर. मध्ये दोन स्कूटर शेजारी-शेजारी जेमतेम जातील एवढी गल्ली. पुढची एक खोली पार्लरची, पडद्यामागच्या दोन खोल्या राहायच्या. आरशाभोवती दिवे होते, त्यातले कोपऱ्यातले दोन मेलेले. आणि मधोमध ती मागे कलणारी मोठी खुर्ची. खुर्चीचं रेक्झिन हातापाशी फाटलं होतं, त्यावर तिने काळी चिकटपट्टी लावली होती. नवरा एकदा कामावर म्हणून गेला तो गेलाच. त्याबद्दल ती बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. लोकांच्या पार्लरमध्ये केस धुण्यापासून सुरुवात करून तिने ही खोली उभी केली, आणि त्या खोलीत एका स्टुलावर बसून तिची मुलगी मोठी झाली.

मुलीला सगळे बबडी म्हणतात. ती आता चांगली ताडमाड वाढली आहे, तरी बबडीच.

संध्याकाळी शेवटची बाई गेली की ताई शटर अर्धं खाली ओढायची आणि बबडीला त्या मोठ्या खुर्चीत बसवायची. कोमट टॉवेलाने तोंड पुसायचं, मग दोन्ही अंगठे भुवयांच्या मधून कपाळावर, कपाळावरून कानशिलापर्यंत. रोज. बबडीला जे काही सांगायचं असेल ते ती त्या खुर्चीत, डोळे मिटून सांगायची. कोणत्या मैत्रिणीशी अबोला, कोणत्या बाईंनी वर्गाबाहेर काढलं, गणितात किती गटांगळ्या खाल्ल्या. एरवी ही मुलगी म्हणजे घुमी. उभी असताना हो किंवा नाही, यापलीकडे शब्द नाही. अर्ध्या शटरखालून मला फक्त ताईचे पाय आणि खुर्चीचं खोड दिसायचं, आणि आत बबडीचा आवाज नळासारखा चालू असायचा.

ती अकरावीत गेली आणि तिच्या कपाळावर मुरुम आले. मग गालांवर. मग हनुवटीवर दुखऱ्या गाठी.

आता हे सगळ्यांनाच येतात, त्यात नवल ते काय. पण ताईच्या घरात यावेत? तिच्या पोटापाण्याचा धंदाच चेहऱ्यांचा. तिने आपलं सगळं शस्त्रागार बाहेर काढलं. वाफ दिली, दाणेदार स्क्रबने घासलं, मातीचे लेप लावले, टोकाला कडी असलेल्या त्या सळईने एक-एक दाबून काढला. सकाळी चेहरा लाल, दुपारी त्याहून लाल, आणि आठवड्याने जिथे एक होता तिथे तीन. गिऱ्हाईक बायकांना तर जीभ आवरतच नाही. केस कापून घेता-घेता एक म्हणाली, "अहो ताई, तुमच्याच मुलीचं असं कसं?" दुसऱ्या दिवसापासून बबडी मागच्या दाराने ये-जा करू लागली. केस गालांवर ओढून घ्यायची. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसते असं कळलं.

मी एकदा गल्ली ओलांडून गेले आणि ताईला झापलं. म्हटलं, "पोरीच्या तोंडाचा रस्ता केलास उकरून उकरून. आता तरी डॉक्टरकडे ने."

नेलं बाई तिने. आणि परतताना चिठ्ठी नाचवत माझ्या काउंटरवर आली, मागे बबडी.

"ऐक," ती म्हणाली, "त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, रात्री एकदा, वाटाण्याएवढं मलम. अख्ख्या चेहऱ्याला. वाटाण्याएवढं! अगं, मी एका चेहऱ्याला अर्धी वाटी क्रीम जिरवते. आणि गुण कधी? तर तीन महिन्यांनी. तीन महिने थांब म्हटलं तर माझ्याकडे एक गिऱ्हाईक टिकेल का?"

चिठ्ठीवर अडापलीन लिहिलं होतं. मी ट्यूब काढली आणि तिला समजावायला बसले, कारण हे मी काउंटरवर इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. त्वचेला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांच्या आतल्या भिंतीच्या पेशी झडत असतात आणि सुट्या होऊन बाहेर पडत असतात. मुरुमवाल्यांच्या त्या सुट्या होत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला आतून बूच बसतं. डोळ्यांना काही दिसत नाही. बुचामागे तेल साठतं, त्यात जंतू माजतात, मग सूज, मग तो लाल फोड. तू दाबतेस तो शेवटचा अंक असतो. हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. ते पेशींना आत जाऊन वळण लावतं, बूच बसूच देत नाही, आणि सूजही थोडी उतरवतं. आज तोंडावर आहे त्या मुरुमासाठी ते नाहीच. दोन महिन्यांनी जो येणार आहे, त्याच्यासाठी आहे.

"म्हणून ते सगळ्या चेहऱ्याला लावायचं," मी म्हटलं, "नुसतं फोडावर नाही. आणि पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडेल, सोलेल, कदाचित मुरुम वाढल्यासारखेही वाटतील. घाबरायचं नाही."

"पण हेच का दिलं? दुसरं कुठलं असतं का?" ताईने विचारलं.

असतं तर. मी तिला सांगितलं की या एकाच घरात तीन जावा आहेत. थोरली ट्रेटिनॉइन. जुनी, मुरलेली, तिचं काम सगळ्यांनी पाहिलेलं. पण उजेड लागला की नासते, म्हणून रात्रीच लावायची, आणि मुरुमावरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडशी तिचं बहुतेक वेळा जमत नाही. मधली टॅझॅरोटीन. कामाला सगळ्यांत जोरदार म्हणतात, पण तोंडाची तिखट. जळजळ आणि सालं तिच्यानेच जास्त. धाकटी ही अडापलीन. उजेडाला घाबरत नाही, पेरॉक्साइडशी गुण्यागोविंदाने नांदते, आणि साध्या मुरुमावर थोरलीच्या हलक्या मात्रेइतकाच गुण देते, कमी त्रासात. बाळ होणार असेल तर तिघींनाही घराबाहेर ठेवायचं. आणि तुझ्या महागड्या डब्यांवर जे रेटिनॉल लिहिलेलं असतं ना, ते यांच्या दूरच्या नात्यातलं. त्वचेत गेल्यावर त्याचं आधी औषध व्हावं लागतं, मग कुठे काम. म्हणून धीमं आणि कमजोर.

माझं एवढं भाषण ऐकून तिने एकच गोष्ट उचलली. "म्हणजे हलकं दिलंय."

"हलकं नाही गं, सोसवेल असं दिलंय. सोसवलं तर रोज लावेल, रोज लावलं तर गुण येईल."

बबडी आईच्या मागून पुढे आली. ती एकदम म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी अजून एक सांगितलंय. आई ते सांगत नाहीये."

ताईने तिच्याकडे डोळे वटारले, पण बबडीने सांगितलंच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तीन महिने या चेहऱ्याला आईचा हात लागता कामा नये. वाफ नाही, स्क्रब नाही, दाबणं नाही, मसाज नाही, वरच्या ओठावर वॅक्स नाही. फोड दाबत राहिलात तर खड्डे पडतील, आणि खड्डे कुठलीच ट्यूब भरत नाही. या मुलीचा चेहरा वाचायचा असेल तर तुमचे हात लांब ठेवा.

हसण्यावारी नेलं तिने ते तेव्हा. पण सगळा प्रश्न तेवढाच होता, आणि माझ्या ते तिथेच लक्षात आलं. तिला हात लांब ठेवणं जमेल का?

पहिले पंधरा-वीस दिवस जमलं. बबडी रात्री तोंड धुऊन, वाळू देऊन, बोटाच्या टोकावर ते वाटाण्याएवढं घ्यायची आणि ठिपके-ठिपके करून पसरायची. संध्याकाळची बैठक अर्थातच बंद. शटर अर्धं खाली यायचं, पण आतून आवाज यायचा नाही. एकदा काहीतरी द्यायला गेले तर ताई स्वतःच त्या मोठ्या खुर्चीत बसलेली. हात मांडीवर उताणे. बबडी पडद्यामागे पुस्तक घेऊन.

"ती काही बोलतच नाही गं," ताई म्हणाली. "विचारलं तर म्हणते, काही नाही."

"अगं, बोलेल. हा महिना सरला की दोनच उरतात."

मग त्वचा सोलायला लागली. नाकाच्या कडेला, हनुवटीवर पांढुरकी सालं. आणि सांगितलं होतं तसे मुरुमही थोडे जास्त दिसायला लागले. हे असंच होतं, मी दहादा सांगितलं होतं. पण ताईच्या धंद्यात सालाचा अर्थ वेगळा. पार्लरमध्ये ती चेहऱ्यावर जे पील लावते, त्याची साल सुटली की ती पुसून, घासून मोकळी करायची असते. त्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नाहीत. साल सुटली याचा अर्थ आतली नवी त्वचा वर यायला धडपडतेय, आणि तिला वाट करून द्यायची. वर्षानुवर्षं तिने हेच केलं. तिच्या हातांना दुसरं माहीतच नव्हतं.

एका संध्याकाळी ती बबडीला म्हणाली, "मी बाकी काही करत नाही. फक्त साल काढते."

बबडीने नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाली नाही. मला वाटतं, तिलाही खुर्चीत बसायचं होतं. ती बसली, डोळे मिटले, आणि शटरखालून मला खूप दिवसांनी तिचा आवाज आला, कॉलेजातल्या कुणाची तरी नक्कल करत होती. मला बरं वाटलं हो. मला वाटलं, नुसत्या गप्पा चालल्यात.

ताईने ओल्या फडक्यावर स्क्रब घेऊन गोल-गोल घासलं, सालं काढली, आणि खालच्या कोवळ्या त्वचेवर पुन्हा ते मलम थापलं. हलकं आहे, म्हणून चांगलं चार-पाच वाटाण्यांएवढं. सकाळी बबडी माझ्याकडे आली तेव्हा चेहरा भाजल्यासारखा होता. ओठांच्या कडा चिरल्या होत्या. डोळ्यांतून पाणी आलं की ते गालावर चरचरायचं, त्यामुळे तिला धड रडताही येत नव्हतं.

मी तिला बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिलं. ताईला म्हटलं, "ट्यूब काही दिवस बंद ठेव आणि आजच डॉक्टरांना दाखव. हे भरून येतं. घाबरू नकोस."

"काय सांगू त्यांना? हात लावू नका म्हणालात आणि मी लावला?"

"हो. हेच सांग. त्या काय तुला खाणार आहेत?"

"हो गं बाई, जाते," ती म्हणाली. मला वाटलं, गेली.

ती गेली नाही. लाज वाटली तिला. डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहून, चेहऱ्यांवर जगणारी बाई असून माझ्याच मुलीचा चेहरा मी जाळला, हे तिच्या तोंडून निघणार नव्हतं. पार्लरला कापूस, वॅक्सच्या पट्ट्या आणि क्रीम पुरवणारा एक एजंट यायचा. तो एक पांढरी डबी द्यायचा, वर ना नाव ना गाव. लग्नाला आठवडा उरलेल्या नवऱ्या मुलींसाठी, रात्रीचं क्रीम. त्याने चेहरा कसा काचेसारखा होतो हे ताईने पाहिलं होतं. आठवड्यानंतर त्या चेहऱ्यांचं काय होतं हे तिने पाहिलं नव्हतं, कारण लग्नानंतर त्या मुली तिच्याकडे परत येत नसत. तिने कपाटातून डबी काढली.

बबडीने विचारलं, "हे कुठलं?"

"डॉक्टरांनी बदलून दिलंय," ताई म्हणाली.

दोन दिवसांत आग थांबली. दहा दिवसांत मुरुम बसले. महिन्याभरात बबडीचा चेहरा असा निघाला की मीच काउंटरवरून बघत राहिले. ती पुढच्या दाराने बाहेर पडायला लागली, केस मागे घट्ट बांधून. नाटकाच्या मंडळात नाव घातलं. गल्लीतून जाताना मला संवाद म्हणून दाखवायची, हातवारे करून, आणि मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवायचा. संध्याकाळची खुर्ची पुन्हा सुरू झाली. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "ताई, काय लावलंत हो मुलीला?" आणि ताई नुसती हसायची. तिच्या हाताच्या गुणाची कीर्ती चार गल्ल्या पलीकडे गेली. त्या घराने आनंदाचे म्हणावेत असे तेवढेच महिने पाहिले, आणि ते डबीतून आलेले होते.

मला वेळेआधी आलेला गुण आवडत नाही. मी एकदा ताईला हटकलं, "अडापलीनची दुसरी ट्यूब न्यायला आली नाहीस?"

"आहे अजून," ती म्हणाली. "वाटाण्याएवढंच तर लावायचं ना?"

मीही हसले. उत्तर बिनतोड होतं.

मग ऊन तापायला लागलं आणि बबडी गल्लीतून जाताना गालांवर हात धरून जायला लागली. उन्हात पाच मिनिटं उभी राहिली तरी गाल पेटल्यासारखे लाल. एक दिवस ती काउंटरला टेकून गप्पा मारत होती, वरचा दिवा तिच्या गालावर पडला, आणि मला त्वचेखाली लाल दोऱ्यासारख्या बारीक शिरा दिसल्या. जबड्याच्या कडेने कोवळी लव आली होती. बिननावाच्या डब्यांनी झालेले असे चेहरे माझ्या काउंटरवर येत असतात. फक्त त्यातला एकही बबडीचा नव्हता.

दुकान तसंच टाकून मी पार्लरमध्ये गेले. "डबी दाखव."

"कुठली डबी?"

"ताई, मला शेंड्या लावू नकोस. डबी."

तिने कपाटातून काढून दिली. मी उलटीपालटी करून पाहिली. कुठे एक अक्षर नाही. मी सांगितलं, यात जोरदार स्टेरॉइड असणार. ते सूज दाबून टाकतं, रंग उजळवतं, आणि आतून कातडी पातळ करत जातं. मुरुम गेलेले नाहीत गं, दडपलेत. हे थांबलं की सगळे उसळून वर येतील. आणि थांबवायचं कसं, कमी करत की कसं, ते डॉक्टर सांगतील; तू तुझ्या मनाने काही करू नकोस.

मी दारातून बाहेर पडत नाही तोच तिने डबी कचऱ्यात टाकली. भीतीने टाकली, दुसरं काही नाही.

आठवड्याच्या आत बबडीचा चेहरा सुजला. गालांवर पूवाने भरलेले फोड, एकात एक मिसळलेले. उशीला गाल टेकवता येत नव्हता. नाटकाचा प्रयोग तोंडावर आला होता, तिने मंडळाला नाही कळवून टाकलं. आम्ही तिघी डॉक्टरकडे गेलो. ताई म्हणाली होती, तू चल, मला एकटीला जमणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. "याच्यावर काय लावत होतीस तू?"

बबडी म्हणाली, "तुम्हीच दिलेलं ना? ट्यूब बंद करून ते पांढरं क्रीम."

"मी? बाळा, पहिल्या भेटीनंतर मी तुला आजच पाहतेय."

त्या खोलीत पंखा चालू होता आणि टेबलावरचे कागद कडेने हलत होते. बबडीने मान वळवून आईकडे पाहिलं. मीच मग डबीचं सगळं सांगितलं. डॉक्टर ताईला रागावल्यासुद्धा नाहीत. त्यांनी शांतपणे सगळं टिपून घेतलं, आणि म्हणाल्या की अशा डब्या त्यांनी खूप पाहिल्यात. ते ऐकून तर मला जास्तच वाईट वाटलं. येताना बबडी आमच्या पुढे वीस पावलं चालत होती, जॅकेटची टोपी कपाळापर्यंत ओढून. ताईने दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.

त्यानंतरचं औषधपाणी फार लांबलं. एवढ्या पातळ झालेल्या त्वचेला ती ट्यूब सोसणार नव्हती, म्हणून आधी बरेच दिवस नुसतं शांत करायचं आणि पोटातून गोळ्या. मग पुन्हा अडापलीन, तेही एक दिवसाआड, मॉइश्चरायझरवरून. मग रोज. वर्ष होत आलं तेव्हा नवे मुरुम येणं थांबलं. औषधाने आपलं काम चोख केलं, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण जे उसळले होते ते जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. बोट फिरवलं तर लागतील असे खोल.

ताई तेवढ्यासाठी माझ्याकडे यायची. दुपारी गर्दी नसेल तेव्हा काउंटरवर कोपर टेकवून विचारायची, "त्या तीन जावांतली जोरातली कुठली म्हणालीस तू? टॅझॅ की काय ती. ती लावली तर भरतील का गं?"

"नाही ताई. थोडाफार उठाव येईल, डाग फिके होतील. हे औषध पुढचं थांबवतं. झालेलं भरत नाही."

ती मान हलवायची आणि जायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न, जणू मधल्या काळात औषधांचं काही बदललं असेल. कधी कधी मला राग यायचा. मग तिची पाठ गल्ली ओलांडताना दिसायची आणि राग जायचा.

बबडी घरात बोलायची, पण कामापुरतं. रात्री तोंड धुवायला गेली की आतून कडी लावायची. ट्यूब स्वतःच्या डब्यात, डबा स्वतःच्या कपाटात. ताईने मला सांगितलं की तिला पडद्याआडून टोपण उघडल्याचा आवाज येतो आणि लावल्याचा येतो, त्यावरून तिला कळतं की आजचं झालं. शिक्षण संपल्यावर बबडीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम. आवाज छानच आहे तिचा. "चांगलं आहे ना मावशी," ती जाताना मला म्हणाली, "समोर कुणी नसतं."

ताईने पाटीवरून फेशियल, स्क्रब, पील, सगळं पुसून टाकलं. आता फक्त केस आणि भुवया. त्यातही दोरा हातात घेण्याआधी प्रत्येकीला विचारते, "चेहऱ्याला कुठली ट्यूब लावता का?" बायकांना राग येतो. कोपऱ्यावर नवं चकचकीत पार्लर झालंय, तिथे कुणी काही विचारत नाही. जुनी एखादी कौतुकाने म्हणाली, ताई तुमच्या हाताला गुण आहे हो, की ही हातातलं काम टाकून मागच्या खोलीत जाते.

परवा बबडी सुट्टीवर आली होती. संध्याकाळी मी दुकान कामावरच्या मुलाच्या ताब्यात देऊन तिला भेटायला गेले. ती स्टुलावर बसली होती, कानशील दाबत. दिवसभर प्रवास झाला होता.

ताई भिंतीशी उभी होती. खूप वेळ धीर गोळा करून म्हणाली, "डोकं चोळून देऊ?"

बबडीने क्षणभर विचार केला. मग उठली आणि त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताईने तिच्या गळ्याभोवती टॉवेल घातला, खुर्ची मागे कलती केली आणि केसांत बोटं घातली. काय सांगू, तो हात अजून तसाच आहे. बबडीने डोळे मिटले. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. तिच्या ऑफिसातला एक साहेब आहे, तो स्वतःच फोन म्यूट करतो आणि मग ऐकू येत नाही म्हणून ओरडतो. तिने त्याची नक्कल केली. ताई हसली, मी हसले. ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी देवाला म्हटलं, एवढं एक दे रे हिला.

"आणि मग तो काय म्हणतो," बबडी सांगत होती, आणि ताईचे अंगठे केसांतून खाली सरकले. तिने मुद्दाम नाही केलं. अंगठे आपले आपण रोजच्या वाटेने आले, भुवयांच्या मधून वर कपाळावर.

बबडी वाक्याच्या मध्येच थांबली. डोळे न उघडता तिने गळ्यापाशी हात नेला आणि टॉवेल ओढून पूर्ण चेहऱ्यावर घेतला.

"केसच," ती टॉवेलखालून म्हणाली.

"हो गं. केसच," ताई म्हणाली.

तिने बोटं पुन्हा केसांत घातली. मी वाट पाहिली, पण साहेब पुढे काय म्हणतो ते बबडीने सांगितलं नाही.